स्वयंपाकघरातली साधना

श्रोतेहो, नमस्कार.

ख्रिस्ती साधना म्हटली की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे मठ उभा राहतो, नाहीतर निदान रविवारची उपासना. आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "आम्हा संसारी माणसांना कुठला एवढा वेळ?" विरारहून सकाळची लोकल पकडणारी बाई हे म्हणते तेव्हा मला ते पटतं. पण त्यावरून साधना आपल्यासाठी नाहीच, असं जे ठरवलं जातं, ते पटत नाही. प्रार्थना, दान, उपवास, शास्त्राचं म्हणजे बायबलचं वाचन, आत्मपरीक्षण यांची गाठ रोजच्या कामाशी घातली की वेगळा वेळ फारसा लागत नाही. आणि अशी गाठ घातलेली साधनाच टिकते, असं माझं ठाम मत आहे.

आधी प्रार्थना. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे बंधू होते. फ्रान्सलगतच्या लॉरेन प्रांतातल्या गरीब घरातले. तरुणपणी सैन्यात गेले, तिथे पायाला जखम झाली आणि लंगडणं जन्माचं मागे लागलं. १६४० मध्ये मठात आले, तर वाट्याला आलं स्वयंपाकघर. त्या कामाची त्यांना मुळातच नावड. तरी वर्षानुवर्षं त्यांनी तेच केलं, आणि देवाशी मनातल्या मनात बोलत केलं. तव्यावरचं ऑम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रीतीसाठी, असं ते सांगत. एकदा मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्यांना होडीतून पाठवलं. पाय धड नसल्यामुळे होडीत पुढं सरकायचं तर पिंपांवरून लोळत जावं लागे. तेही त्यांनी कुरकुर न करता केलं. प्रभू, हे काम तुझंच आहे, एवढं म्हणून ते कामाला लागत, आणि काम पार पडे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे त्यांना सहज जमलं नव्हतं. सुरुवातीची कितीतरी वर्षं मन भरकटायचं, आपण देवाला नकोसे आहोत अशी भीती वाटायची. मन भरकटलं की ते स्वतःला फार बोल लावत बसत नसत. चूक कबूल करायची आणि पुन्हा देवाकडे वळायचं, बस्स. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधल्या वेळात प्रार्थना करणाऱ्या माझ्या बहिणींना यातून धीर मिळावा.

आता दान. मिझोराममध्ये एक रीत आहे, बुहफाई थाम, म्हणजे मूठभर तांदूळ. १९१० पासून ती तिथे चालत आली आहे. घरातली बाई स्वयंपाकासाठी तांदूळ काढते, आणि भांडं चुलीवर ठेवण्याआधी त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते. प्रत्येक वेळी. मग मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बाया घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात आणि पैसा मंडळीच्या व मिशनच्या कामाला लागतो. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की पैसा हाती नसलेल्या बाईलाही दान करता येतं. वर्षातून एकदा मोठा चेक लिहिणाऱ्याला दानाची आठवण एकदा होते, हिला ती प्रत्येक स्वयंपाकाला होते. ती मूठ आपल्याच ताटातून गेलेली असते, ती कुणाच्या लक्षातही येत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं प्रभू येशू सांगतो, ते इथे अगदी जसंच्या तसं घडतं. आपल्याकडच्या घरांत हे का सुरू होऊ नये? तांदूळ नको असेल तर ज्वारीचं पीठ चालेल, डाळ चालेल. जवळपास कुणाची तरी चूल थंड असतेच.

उपवासाबद्दल थोडक्यात. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू. म्हणजे चेहरा पाडून हिंडू नकोस. साखरेचा आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी जेवण सोडू नये. त्यांनी रात्रीची मालिका सोडावी, मोबाइल बाजूला ठेवावा. आणि वाचलेले पैसे पुन्हा आपल्याच खिशात गेले, तर मला तो उपवास अर्धाच वाटतो.

शास्त्र वाचताना मला नेहमी पुणे जिल्ह्यातलं केडगाव आठवतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याच्या अखेरपर्यंत राबल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या. मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवून ते काम पुरं केलं आणि १९२४ मध्ये ग्रंथ छापून आला. छापखान्यात एकेक अक्षर हातात धरून जुळवावं लागे. आपण मात्र एक अध्याय घाईनं उरकतो. त्यापेक्षा चार ओळी घ्या, मोठ्यानं वाचा, आणि दुपारी गिरणीच्या रांगेत उभं असताना त्या आठवून पाहा.

राहिलं आत्मपरीक्षण. हे फार लोक टाळतात. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपण स्थापलेल्या येशूसंघातल्या म्हणजे जेझुइट बंधूंना दिवसातून दोनदा ते करायला लावलं, दुपारी आणि रात्री. गोव्यात बसून मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स त्याच संघाचे. रात्रीची भांडी घासताना हे उत्तम जमतं. आधी आभार: आज काय मिळालं? मग, प्रभू, मला नीट दिसू दे, एवढं मागायचं. मग सकाळपासून एकेक तास मागं घ्यायचा. दुपारी भावाचा फोन आला, आपण "नंतर बोलतो" म्हणून कट केला. कामात होतो म्हणून, की त्याला पैसे लागतील या धास्तीनं? खरं उत्तर मनात उमटतंच. त्याची क्षमा मागायची, आणि उद्यासाठी एकच गोष्ट ठरवायची: सकाळी पहिला फोन त्याला.

घरातल्या सगळ्यांनी मिळून हे करायचं असेल तर एक पथ्य पाळा. प्रत्येकानं स्वतःच्याच दिवसाबद्दल बोलावं. मुलांना समोर बसवून त्यांच्या चुका मोजू नका. आधी आई-बापानं आपलं सांगावं. मुलांना बोलावंसं वाटलं तर ती बोलतील, नाही वाटलं तर प्रभूची प्रार्थना म्हणून उठावं.

नमस्कार.