निवाऱ्याची चिठ्ठी आणि तिची पोच

(अंबाजोगाईतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि आभाळ भरून आलेलं असतानाही इथवर आलेले सगळे,

पत्रिकेत माझा विषय 'बेघरांच्या पुनर्वसनातील समन्वय' असा छापलाय. एवढं जड नाव वाचूनही तुम्ही आलात. तुम्हाला विषयाची आस्था असेल, नाहीतर नंतरच्या चहाची. माझी दोन्हीला हरकत नाही. म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी मला वेळ उरत नाही असा माझा लौकिक आहे. बेघर माणसाला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवणाऱ्याची जबाबदारी चिठ्ठी लिहून संपू नये. तो माणूस तिथं पोचला आणि त्याला आत घेतलं, हे लेखी कळेपर्यंत ती पाठवणाऱ्याच्याच अंगावर राहावी. बस. आता ज्यांना जायचंय त्यांनी जावं.

मी सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होतो. असं पद असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं. पेशंट आम्हाला 'बिल माफ करणारे साहेब' म्हणतात, डॉक्टर 'बेड रिकामा करून देणारे साहेब'. दोघंही बरोबर. पोलिसांनी आणून टाकलेला, नाव न सांगणारा, नातेवाईक नसलेला पेशंट बरा झाला की त्याच्या केसपेपरवर एक ओळ लिहिली जाते, 'डिस्चार्ज, रिहॅब करावे'. डॉक्टर पुढच्या खाटेकडं जातात आणि ती ओळ माझ्या टेबलावर येते.

त्यातल्या एकाचं सांगतो. नाव नाही सांगत, गावही नाही. बिगारी कामाला होता. परांचीवरून पडला, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर मिळाला. मग वॉर्डातून रोज फोन, 'साहेब, तो कोपऱ्यातला कधी नेता?' त्यांचंही काही चूक नव्हतं, खाली फरशीवर गाद्या टाकून पेशंट झोपले होते. याची बायको वारलेली. एक लेक, दिल्या घरी. 'लेकीच्या दारात जाऊन पडू का आता?' एवढं म्हणून त्यानं तो विषय मिटवला. राहिलो मी आणि माझं लेटरहेड.

शहरातल्या बेघर निवाऱ्याला चिठ्ठी लिहिली. वॉर्डातल्या मामांनी रिक्षात घालून फाटकापर्यंत सोडला. निवाऱ्यात काळजीवाहक एकटाच. तो म्हणाला, 'स्वतःचं स्वतः करणारा माणूस घेतो. याला रात्री संडासला धरून कोण नेणार?' प्रश्न रास्त होता. त्यानं माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, 'वृद्धाश्रमाकडे पाठविणे', आणि शिक्का मारला. वृद्धाश्रमात वय विचारलं. अनुदानावरच्या आश्रमात पुरुषाला साठ पूर्ण लागतात. आधारवर जन्मतारीख एक जानेवारी आणि वय निघालं अठ्ठावन्न.

आता हे जरा ऐका. आपल्याकडं जन्मतारखा दोनच. शाळेत गेला तर मास्तरांनी दिलेली एक जून, न गेला तर आधारवाल्यानं दिलेली एक जानेवारी. या सभागृहात एक जूनवाले किती? करा हात वर. बघा! अध्यक्षांचाही हात वर आहे. (हशा) या माणसाला मी वय विचारलं तर तो म्हणाला, 'बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, तवा मिसरूड फुटली होती.' मराठवाड्यात याहून पक्का दाखला नाही. या हिशेबानं त्याची साठी कधीच उलटली होती. पण मिसरूड झेरॉक्स करून जोडता येत नाही. आश्रमानं लिहून दिलं, 'वयाचा वैद्यकीय दाखला आणावा.' तो दाखला कुठं मिळतो? आमच्याच आवारात! म्हणजे आम्ही बाहेर काढलेला माणूस परत आमच्याच खिडकीत.

तो आमच्याकडं आलाच नाही. कुणीतरी सांगितलं, आधी तहसीलला जा, संजय गांधी निराधारचे पैसे लावून घे. तहसीलनं रहिवासी दाखला मागितला. त्यासाठी गाव गाठलं. गावात त्याचं माळवद एका पावसाळ्यात बसलं होतं. घरकुलाच्या यादीत नाव होतं म्हणे, पण पुढं 'स्थलांतरित' असा शेरा मारून काढून टाकलेलं. गावाच्या हिशेबात हा शहरात गेला आणि शहराच्या हिशेबात हा गावचा. घरकुलाची यादी गावात होते, निवाऱ्याची यादी शहरात, आणि हा माणूस दोन्ही याद्यांच्या मधल्या रस्त्यावर, एसटी स्टँडच्या बाकड्यावर.

काही महिन्यांनी तो परत अपघात विभागात आला. पायाला जखम, ती चिघळलेली. हातात कॅरीबॅग आणि तीत सगळे कागद नीट घडी करून ठेवलेले. सगळ्यात वर माझी चिठ्ठी, दोन्ही बाजूंना शिक्के. मला म्हणाला, 'साहेब, कागद समद्यांनी देल्ला, जागा कोणीच देली नाही.'

माझी तक्रार नीट समजून घ्या. यात वाईट माणूस एकही नव्हता. प्रत्येकानं नियम पाळला, सही केली, तारीख टाकली. त्या चिठ्ठीवर माझा फोन नंबर छापलेला होता, पण एकाही टेबलावरून फोन आला नाही. आणि आमच्या जावक रजिस्टरात ही केस डिस्चार्जच्या दिवशीच निकाली निघालेली! महिन्याच्या अहवालात 'पुनर्वसन' या रकान्यात तिचा आकडा धरलेला. तुम्ही आमचा अहवाल वाचला असता तर म्हणाला असता, वा, काय काम आहे.

पुढं काय झालं विचाराल. वॉर्डातल्या एका मावशींच्या ओळखीची धर्मशाळा होती, तिथं बसून करायचं राखणीचं काम आणि जिन्याखालची खोली त्याला मिळाली. एका फोनवर. छान झालं. पण मावशी रिटायर होतात, आणि त्यांच्या ओळखी त्यांच्याबरोबर घरी जातात.

इथं थोडं किल्लारीकडं वळतो. अध्यक्ष घड्याळ बघतायत, पण मराठवाड्यात घरांवर बोलायचं आणि किल्लारी टाळायची हे बरं नाही. 30 सप्टेंबर 1993ची भूकंपाची पहाट, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची. नंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं तीन मापांची, 250, 450 आणि 750 चौरस फूट. कुणाला कुठलं, हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीनाला लहान, मोठ्या शेतकऱ्याला मोठं. म्हणजे आधीची विषमता सिमेंटमध्ये पक्की केली, यावर मी वेगळं तासभर बोलू शकतो. घरं वाढवून घ्यायला एकत्र कुटुंबं रातोरात विभक्त झाली. नव्या गावांत इतके रुंद रस्ते, की शेजारणीला हाक ऐकू येईना. सगळं मान्य. पण यादी होती, आणि ती गावासमोर होती. माझं नाव का नाही, असं उभं राहून विचारता येत होतं. लोक भांडले, पण कशाशी भांडायचं हे त्यांना दिसत होतं. सगळ्यांची घरं एका रात्रीत पडली म्हणून सरकारही एका जागी आलं. एकेकट्यानं बेघर झालेल्या माणसासाठी यादी कोण करणार?

आणखी एक. दवाखान्यात, स्टँडवर, देवळाच्या ओवरीत बसलेल्या बाईला विचारा, इथं का बसलात? ती कधीही 'घरातून हाकललं' असं म्हणणार नाही. ती म्हणते, 'देवाला आले.' तुळजापुरात, परळीत, इथं योगेश्वरीला, औंढ्याला, देवाला येऊन परत न गेलेल्या बाया किती असतील! नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसताना कुणी आधार मागत नाही, म्हणून तिथं त्या निदान जेवतात. अशा बाईसमोर फॉर्म धरून 'बेघर होण्याचे कारण' असा रकाना भरायला घेतला, तर उत्तर एकच, 'देवाला आले'. दुसऱ्या दिवशी चहा पाजून, तिसऱ्या दिवशी लेकरांची नावं विचारून, मग कुठं खरं कळतं. नोंद म्हणजे माहिती गोळा करणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ओवरीत बसून बघावं. तिथं आधी…

ही बघा, अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' पोचली बरं का, ही घ्या पोच. (हशा)

तर आता पत्रिकेत छापलेला विषय, पळत पळत.

कायदा आपल्याकडं अगदीच नाही असं नाही. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली मोठ्या शहरांना लाख लोकसंख्येमागं एक निवारा उभारायला सांगितलं, चोवीस तास आणि बारा महिने चालणारा. पुढं 2013मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यात हेच प्रमाण धरलं, एका निवाऱ्यात पन्नास ते शंभर माणसं. नांदेडची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत साडेपाच लाख, म्हणजे किमान पाच निवारे. लातूर पावणेचार लाखांच्या वर. बाकी गणित घरी करा आणि आपापल्या महापालिकेला विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017, कलम 100 तर माझ्या म्हणण्याच्या अगदी जवळ येतं. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण पोलिसांनी दवाखान्यात नेला आणि त्याला भरती करायची गरज निघाली नाही, तर त्याला घरी किंवा घर नसेल तर सरकारी निवाऱ्यात पोचवायचं काम पोलिसांचंच. 'पाठवावे' नाही, नेऊन पोचवावे. हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हेही ठाण्याचं काम. मनोरुग्णासाठी जे लिहिलंय ते खुबा मोडलेल्यासाठी का नको?

इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2018पासून दवाखाने, तुरुंग, रोजगार केंद्रं यांच्यावर बंधनच आहे. समोरचा माणूस बेघर आहे किंवा होऊ घातलाय असं दिसलं, तर त्याच्या संमतीनं स्थानिक गृहनिर्माण यंत्रणेला कळवायचं. मात्र तिथंही बंधन कळवण्याचंच आहे. अमेरिकेत 2012च्या केंद्रीय नियमांनी प्रत्येक भागाला एकच सामायिक प्रवेशव्यवस्था करायला लावली. कुठल्याही दारात गेलं तरी नोंद एकाच यादीत, आणि जागा आधी आला त्याला नाही, ज्याची अवस्था जास्त बिकट त्याला. पण अवस्था मोजायला त्यांनी गुणांची प्रश्नावली काढली आणि घोळ झाला. कृष्णवर्णीयांना त्यात कमी गुण पडतात, म्हणून ते यादीत मागं राहतात, अशी टीका झाली, आणि ज्यांनी ती प्रश्नावली तयार केली त्यांनीच 2020मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांचं दुसरं दुखणं आणखी मोठं. यादी उत्तम, घरंच कमी. मग यादी म्हणजे नुसती रांग. हे आपल्यालाही लागू आहे, आणि रजिस्टर ठेवल्यानं खोल्या बांधल्या जातात असं मी म्हणत नाही. पण निवाऱ्यानं किती जणांना नाकारलं आणि का, याचा कागद नसेल तर काय बांधायचं हेही कळत नाही. वॉकरवाल्यासाठी रात्रीचा मदतनीस हवा, नवरा-बायकोला एकत्र ठेवणारी खोली हवी, मुलगा मोठा झाला म्हणून त्याला आईपासून वेगळं न करणारी जागा हवी. हे सगळं नकारांच्या नोंदीतून दिसतं.

म्हणून अंबाजोगाईसारख्या गावात एवढं करावं. एकच रजिस्टर. स्टँड, दवाखाना, देवस्थान, दर्गा, पोलीस ठाणं, सगळीकडं एकच पानभर फॉर्म, नाव आणि फोटो माणसाच्या मर्जीनं. आठवड्यातून एकदा सगळे एका टेबलाशी, नावं वाचायची, कोण कुठं आहे ते सांगायचं. नकार द्यायचा तर लेखी, कारणासहित आणि सहीनिशी. पोच आली नाही तर ते नाव पाठवणाऱ्याच्याच खात्यावर दिसत राहणार, अहवालात 'पुनर्वसन' म्हणून जाणार नाही. रिक्षाचं भाडं पाठवणाऱ्यानं द्यायचं, यावरून वाद होईल, होऊ द्या.

रजिस्टर पोलीस ठाण्यात ठेवू नये. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा 1959चा कायदा रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक असतो. त्याला धरून नेलेला कुणीतरी त्याच्या ओळखीचा असतो. नोंद ठाण्यात होते म्हटलं की स्टँड रिकामा होईल आणि सगळे पुढच्या गावच्या स्टँडवर जातील. नगरपालिकेचे समुदाय संघटक बचत गटांमुळं घरोघरी ओळखीचे असतात, त्यांच्याकडं असावं. पण त्यांची नेमणूक कंत्राटी, कंत्राट संपलं की रजिस्टर कपाटात. त्यावर उपाय मला अजून सुचलेला नाही, तुम्हाला सुचत असेल तर ऐकायला आवडेल.

आगाराचे वाहतूक नियंत्रक दुसऱ्या रांगेत बसलेत, मघापासून मान हलवतायत. रात्री शेवटची गाडी गेल्यावर बाकड्यांवर कोण उरतं हे त्यांच्याइतकं इथं कुणालाच माहीत नाही. माईक तिकडं द्या.