राक्षसाला बोटं किती?

ओळख करून देताना मघाशी मला ‘व्हिडिओ गेमचे अभ्यासक’ म्हटलं गेलं. तेवढं दुरुस्त करतो आणि सुरुवात करतो. माझ्या खेळाला वीज लागत नाही. एक टेबल, चार-पाच माणसं, कागद-पेन्सिल, सात फासे आणि मधोमध भडंगाची परात. परात नियमांच्या पुस्तकात नाही, पण सांगलीत ती असतेच.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘हसतखेळत मोहीम कशी चालवावी’. मोहीम म्हणजे या खेळात टेबलावर रंगणारी गोष्ट. त्याकडे येतोच. मागे बसलेल्या पोरांना हा खेळ, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तेव्हा हे पुढच्या रांगेसाठी. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. चालवणारा म्हणतो, समोर दार आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय. तुम्ही काय करता? तुम्ही सांगायचं. जमलं की फसलं, हे 20 बाजूंचा फासा सांगतो: मोठा आकडा पडला की जमलं, छोटा पडला की फसलं. संपला खेळ. म्हणजे सुरू झाला.

1974 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावातून, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो छापून विकायला आणला. पहिल्या खेपेला हजार खोकी. त्याच्या दीडशे वर्षं आधी प्रशियाचे लष्करी अधिकारी नकाशावर लढाया खेळत आणि निकाल द्यायला एक पंच बसे. हे दोघेही तसल्याच टेबलावरच्या लढायांचे शौकीन. आर्नेसननं खेळाडूच्या हातातली पलटण काढून घेतली, एकच माणूस दिला आणि त्याला किल्ल्याच्या तळघरात उतरवलं. पलटणीचे हजार मेले तर आपण चहा पितो. एकच माणूस असला की त्याच्या जखमेला हळद शोधतो.

आता माझं खूळ. 1843 साली याच गावात चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. दर 5 नोव्हेंबरला आपण ते एकमेकांना सांगतोच. पण त्या नाटकांत नटांना लिहिलेले संवाद नव्हते, हे सांगत नाही. पद्यं सूत्रधार म्हणायचा. पात्रांनी त्या पदाचा धागा धरून आयत्या वेळी बोलायचं. मधे विदूषक. आणि राळेच्या भपक्यात ‘अलल डुर्र’ करत राक्षस. आता टेबलाकडे बघा. सूत्रधार आहे, आयत्या वेळचं बोलणं आहे, राक्षस आहे. विदूषक तर प्रत्येक घरी एक असतोच. नाही, नाही, टाळ्या नकोत. ‘हेही मूळचं आपलंच’ असं मी म्हणत नाहीये. गायगॅक्सनं सांगली हे नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. मी एवढंच म्हणतोय की हा खेळ परका वाटून घेण्याचा हक्क जगात सगळ्यांना असेल, सांगलीकराला नाही.

तरी वाटतो. एका सभागृहात आम्ही रविवारची दुपार मागितली, तर तिथले एक जाणते गृहस्थ म्हणाले, ‘फासे आहेत ना? मग जुगार.’ मी म्हटलं, साहेब, पैसे लावत नाही. ते म्हणाले, ‘सुरुवातीला धर्मराजानंही राज्य लावलं नव्हतं.’ यावर उत्तर नाही. मी अजून शोधतोय. शेवटी मामींचं माजघर मिळालं, आणि त्यामुळेच पुढची गोष्ट घडली.

मोहीम मी लिहिली होती हरिपूरच्या पेवांवर. जमिनीत खोल खणलेली हळदीची कोठारं, वर अरुंद तोंड, आत काळोख. ज्याच्या गावाशेजारी पेवं आहेत त्यानं युरोपातली तळघरं कशाला आणायची? 2005 च्या पुरात पुष्कळ पेवं गेली, पण माझ्या कथेत सगळी शाबूत. त्यांतल्या एकात राक्षस शिरलाय आणि त्यानं गावची झाडून सगळी हळद आत ओढून नेलीय. हळद नाही म्हणून लग्नं अडलीत. नऊ नवरदेव मुंडावळ्या बांधून बसलेत.

भाच्यानं चोर घेतला. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर मांत्रिक झाले. एक भिडू कमी पडत होता म्हणून मामींना बसवलं. मामींच्या माहेरी हळदीची अडत. त्यांनी पात्र घेतलं हौसाक्का, उंची साडेसहा फूट, दुधारी कुऱ्हाड. पेवाच्या तोंडाशी आल्यावर चोर उडी मारणार, तोच मामी म्हणाल्या, ‘थांब रे, आधी कंदील सोड. बंद पेवात हवा मारक असते.’ मी तीन रात्री जागून बसवलेला सापळा तिथेच गेला.

खाली राक्षस. मी अगदी भाव्यांच्या इतमामात ‘अलल डुर्र’ केलं. मामी म्हणाल्या, ‘ते राहू दे. हळद दाखव.’ मी म्हटलं, मामी, तो राक्षस आहे. ‘असू दे की. एक हळकुंड उचललं, मोडलं. आवाज कसा आला?’ आता मला काय ठाऊक! म्हटलं, आवाज नाही आला, वाकलं. तेवढ्यावर मामी राक्षसाला झापायला लागल्या. वाळलेलं हळकुंड कट्‌कन मोडतं, हे ओलं आहे, ओला माल पेवात घातलास, बुरशी धरणार, कुणी शिकवलं तुला? माझा राक्षस ओशाळला. म्हणजे मीच ओशाळलो, पण फरक काय?

मग म्हणाल्या, ‘आता हा माल मातीमोल. तरी घेते. टाक रुमाल.’ बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, तसा सौदा. आणि हात पुढे करून थांबल्या. ‘याला बोटं किती?’

मी पुस्तक काढलं. राक्षसाचं वजन होतं, चिलखत होतं, प्राणगुण, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, 76 होते. बोटं नव्हती. घाईत म्हटलं, तीन. पोस्टमास्तर ताबडतोब म्हणाले, ‘मग चारचा भाव हा बोलणार कसा? तीनवर मोडा.’ मी हतबल होऊन फासा टाकायला सांगितला. पडले दोन. साफ फसलं.

आता इथे ‘राक्षस चिडतो, लढाई सुरू’ म्हणता आलं असतं. पण मी त्या दृश्याकडे बघितलं. बाईचा हात राक्षसाच्या हातात. मधे कापड. चहूकडे हळद. म्हटलं, मामी, राक्षसाला वाटलं हा अंतरपाट आहे. तो लाजला.

(हशा)

मामा पलीकडच्या खोलीत बातम्या बघत होते, त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. राक्षस म्हणाला, आपल्या हळदीला सगळं गाव बोलवू. आणि स्वतःच्या पाठीवर पोती घेऊन सगळी हळद वर आणली. पुढचा तास हौसाक्का हे लग्न कसं मोडते यात गेला. पोस्टमास्तरांनी पत्रिका जुळत नाही म्हणून सोडवलं.

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटं.’ सातच? बरं, विषयाकडे येतो, पळत.

हे सगळं घडलं ते फसलेल्या फाशामुळे. म्हणून फासा तेव्हाच टाकायला सांगा, जेव्हा जमलं काय नि फसलं काय, दोन्हीकडे गोष्ट पुढे सरकते. दार उघडायला फासा, तो फसला, दार बंद, आणि मोहीम तिथेच ठप्प, ही सूत्रधाराची चूक आहे, फाशाची नाही. पुढे जायचा दुवा एकाच फाशावर कधी टांगू नका.

नेहमीच्या दोन फाशांची बेरीज सात यायची शक्यता 36 त 6, बारा यायची 36 त 1. मधले आकडे माजलेले. 20 बाजूंच्या फाशाला मधलं असं काही नाही, प्रत्येक आकडा सारखाच, शंभरात पाच. संध्याकाळभरात 40 वेळा टाकला तर सरासरी दोनदा एक पडतो. म्हणजे फजिती या खेळात घातलेलीच आहे, तुम्ही वेगळे विनोद लिहून आणू नका. माझ्या पहिल्या राक्षसाचं नाव ढेकरासुर होतं. लोक एकदा हसले, मग तीन तास तो ढेकरासुर मलाच वागवावा लागला. वेडगळ गोष्ट एकच ठेवा, बाकी सगळं चोख. मामी क्षणभरही गंमत करत नव्हत्या, त्यांना खरोखर हळद खराब झाल्याचा राग आला होता.

तयारी म्हणाल तर तीन जागा आणि चार माणसं, प्रत्येकाला काहीतरी हवंय. शेवट लिहू नका. आणि टेबलावरच्या माणसाच्या दुखऱ्या जागेवर विनोद होत नाही ना, हे खेळाआधी विचारून घ्या. यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं.

फासे नसले तर 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घाला, मात्र काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाका. नाहीतर शेवटच्या चिठ्ठीला काय येणार हे पोस्टमास्तर आधीच सांगतात.

उठतो, उठतो. खालच्या खोलीत टेबल मांडलंय, चार जागा आहेत. मामी खेळणार आहेत. आणि फासे मोजून परत द्या, मागच्या वेळी आठ बाजूंचा एक भडंगातून कुणाच्या तरी घरी गेलाय.