वेलन जेनिंग्ज: रायमनमधला म्हातारा वाघ

जानेवारी 2000. नॅशव्हिल, टेनेसी. रायमन ऑडिटोरियम माणसांनी खचाखच भरलंय. नीट बघा, इथे थिएटरसारख्या खुर्च्या नाहीयेत, लाकडी बाकं आहेत, कारण ही वास्तू मुळात 1892 मधे प्रार्थनेसाठी बांधली होती, आणि मग 1943 ते 1974 अशी तीसेक वर्षं 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओवरचा कंट्री म्युझिकचा, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या मातीतल्या संगीताचा, सगळ्यात मानाचा शो इथूनच व्हायचा. अमेरिकेत कंट्री गाणाऱ्या कुणालाही विचारा, रायमन म्हणजे त्यांचं पंढरपूर.

आणि स्टेजच्या मधोमध एक माणूस बसलाय. उभा नाही, बसलाय. दाढी, काळी हॅट, मांडीवर काळ्या चामड्यात मढवलेली टेलिकास्टर गिटार, चामड्यावर पांढरी फुलं कोरलेली. हा कंट्री गायक वेलन जेनिंग्ज. वय 62. डायबिटीसने पोखरलेला, पाठ आणि पाय दोन्ही साथ देत नाहीयेत, 1988 मधे बायपास झालेली, मोठ्या टूर्स त्याने केव्हाच बंद केल्यात. आपण बसून का गातोय ते तो स्वतःच सांगून टाकतो, अगदी सहज, गप्पा मारल्यासारखं, आणि लगेच पुढचं गाणं.

रायमनमधे त्याने अशा दोन रात्री गायलं, त्याच रेकॉर्डिंगचा 'नेव्हर से डाय: लाइव्ह' हा अल्बम त्याच वर्षी आला. वेलन म्हटलं की लोक सत्तरच्या दशकातले अल्बम काढून बसतात, ते भारीच आहेत, वादच नाही. पण मला विचाराल तर या माणसाने आयुष्यभर नेमकं कशासाठी भांडण केलं ते या रेकॉर्डिंगमधे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं.

थोडं मागे जाऊ. टेक्सासच्या लिटलफील्डचा हा पोरगा, 1937 चा जन्म, 1959 मधे रॉक अँड रोल गायक बडी हॉलीच्या बँडमधे बेस वाजवत होता. 3 फेब्रुवारीला ज्या छोट्या विमानाच्या अपघातात हॉली गेला, त्यातली आपली सीट वेलनने आजारी असलेल्या सहकलाकाराला दिली होती. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, म्हणून इथे एवढंच.

खरी गोष्ट पुढे आहे. साठच्या दशकात नॅशव्हिलला रेकॉर्डिंग म्हणजे कसं, तर प्रोड्यूसर रेकॉर्ड कंपनीचा, स्टुडिओ कंपनीचा आणि वाजवणारेसुद्धा कंपनीने ठरवलेले. उत्तम वाजवायचे ते, पण तेच ते लोक सकाळी एकाच्या मागे, दुपारी दुसऱ्याच्या मागे. सिंगरने यायचं, माइकपुढे उभं राहायचं, गायचं आणि निघायचं. जो बँड घेऊन वर्षभर गावोगाव वाजवतोय, ज्यांना तू श्वास कुठे घेणार तेही माहितीये, ते मात्र बाहेर. वेलनला हे सहनच व्हायचं नाही.

1972 मधे तो हेपेटायटिसने आजारी पडला, गाणंबिणं सगळं सोडून द्यावं इथपर्यंत आला होता. तेव्हा त्याला भेटायला आला त्याचा ड्रमर, रिची ऑलब्राइट. रॉकवाले कसं स्वतःच्या मर्जीने काम करतात, तसं आपण करून बघू, असं त्याने वेलनच्या डोक्यात घातलं. मग नवा मॅनेजर आला, आरसीए कंपनीशी नव्याने करार झाला आणि काय रेकॉर्ड करायचं, कुणासोबत करायचं हे वेलन ठरवायला लागला. पुढे 1976 मधे विली नेल्सन, जेसी कोल्टर आणि टॉम्पॉल ग्लेझरसोबतचा 'आउटलॉज'वाला (म्हणजे कायदा न जुमानणारे) अल्बम आला, प्लॅटिनम (म्हणजे दहा लाख प्रतींचा) झालेला पहिला कंट्री अल्बम तो. लोकांना हॅट आणि दाढी लक्षात राहिली, पण भांडण साधं होतं, माझी माणसं माझ्यासोबत वाजवतील.

आता परत रायमनमधे या आणि ड्रम्सवर कोण बसलंय बघा. रिची ऑलब्राइट. तोच.

या कॉन्सर्टसाठी वेलनने मनासारखा मोठा बँड जमवला, नाव ठेवलं वेमोर ब्लूज बँड. कंट्रीच्या बँडमधे सहसा न दिसणारे सॅक्सोफोन, ट्रम्पेट, चेलो हे पण आहेत यात. आणि गिटारवर रेजी यंग. हा मेम्फिसचा माणूस, एल्विसने 1969 मधे 'सस्पिशस माइंड्स' रेकॉर्ड केलं त्यात गिटार याचीच. तेच गाणं इथे वेलन आणि जेसी कोल्टर गातात, आणि मागे गिटार परत रेजीची, उगाच कसरत न करता, हवं तिथे हवं तेवढंच.

जेसी म्हणजे वेलनची बायको, 1969 पासूनची, स्वतः मोठी गायिका आणि गीतकार. दोघं मिळून तिचं 'स्टॉर्म्स नेव्हर लास्ट' गातात, संकटं कायमची राहत नाहीत असं काहीसं ते गाणं, आणि ही बाई याच्या कोकेनच्या वर्षांतून, बायपासमधून याच्यासोबत आलेली आहे. इथे जरा थांबून ऐका. तिचा आवाज वर तरंगतो, याचा खर्जात बसलेला, आणि तो ओळ किंचित उशिरा उचलतो, ठेक्याच्या मागे रेलून. ही त्याची जुनीच सवय. वरच्या सुरांना आधीची धार राहिलेली नाही हे खरंय, पण तो ते लपवायलाही जात नाही. जिथे आवाज पोचत नाही तिथे ओळ बोलल्यासारखी सोडतो, आणि ऑलब्राइटचा ठेका ती बरोब्बर झेलतो. भाड्याने आणलेल्या बँडकडून हे होत नाही, त्याला तीस-पस्तीस वर्षं एकत्र वाजवावं लागतं.

पुढचं लवकर घडलं. 2001 मधे कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं, तो समारंभाला गेलाच नाही. त्याच डिसेंबरमधे डायबिटीसमुळे पाय कापावा लागला. 13 फेब्रुवारी 2002 ला ॲरिझोनातल्या चँडलरमधे घरी झोपेतच तो गेला.

2000 च्या अल्बममधे सगळी गाणी नव्हती. 2007 मधे पूर्ण कॉन्सर्ट व्हिडिओसकट आली, बघायची असेल तर तीच बघा, कारण नुसत्या ऑडिओत वेलन गाणं संपवायच्या आधी मान वळवून ड्रम्सकडे बघतो ते कळत नाही.