तांबं रोख, मजुरी उधार

(उदगीरमध्ये आयटीआयच्या विद्यार्थ्यांपुढं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मराठवाड्यात धंद्याची गोष्ट निघाली की कुणीतरी जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांचं नाव काढतंच. काढावंच. १९६४ साली बियाण्यांची कंपनी सुरू करणारा माणूस १९९८ला वर्ल्ड फूड प्राइझपर्यंत गेला. पण अशी गोष्ट ऐकून गेलेला पोरगा दुसऱ्या दिवशी काय करतो? मोठं शटर भाड्यानं घेतो आणि फ्लेक्स छापतो. म्हणून मी माझ्या दहा बाय बाराच्या दुकानाचंच सांगतो. मी पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं भरतो. गिऱ्हाईक मला मिस्त्री म्हणतं.

उधारी देऊ नका, असं तुम्हाला सगळे सांगतील. आमच्या भागात उधारी न देणाऱ्यानं दुकानच उघडू नये. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो दसरा-दिवाळीला सोयाबीनचा, संक्रांतीनंतर तुरीचा, शिमग्याच्या आगेमागे हरभऱ्याचा. ऊस असला तर कारखाना देईल तेव्हा. मोटार मात्र ही तिथी बघून जळत नाही. ती जळते मार्गशीर्षात, हरभऱ्याला पाणी द्यायचंय तेव्हा, आणि सोयाबीनचा पैसा तोवर पेरणीत नाहीतर बहिणीच्या लग्नात गेलेला असतो.

पहिली दोन वर्षं मी सगळंच उधार दिलं आणि बुडत चाललो. मग एका रात्री वही घेऊन बसलो. पाच एचपीच्या मोटारीत माझं काय जातं? तांब्याची तार, वार्निश, बेअरिंग. हे मी लातूरहून रोखीनं आणतो. बाकी माझे हात. हातांना कुणाचं देणं नाही, ते थांबू शकतात. त्या दिवसापासून ठरलं: तांबं रोख, मजुरी उधार. तांब्याचेही नसतील त्याच्यासाठी वाट असते. जळालेल्या वायंडिंगमधनं निघालेलं जुनं तांबं मी त्याच्यासमोर काट्यावर ठेवतो आणि मोडीच्या भावानं वजा करतो. पुष्कळ ठिकाणी ते तांबं दुकानातच राहतं, गिऱ्हाईकाला पत्ताही नसतो. मला ते जमलं नाही. काट्यामुळं जितकं गिऱ्हाईक आलं तितकं कुठल्या फ्लेक्समुळं आलं नसतं.

उधारीच्या वहीत मी तारीख लिहीत नाही, पीक लिहितो. नाव, गाव, रक्कम, पुढं ‘सोयाबीन’ किंवा ‘तूर’. २०२४ला सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि आडतीवर माल त्याच्या बराच खाली विकत होता. माल घरात ठेवून बसलेल्या माणसाकडं तगादा लावून काय मिळणार? बऱ्याच नावांपुढचं ‘सोयाबीन’ खोडलं आणि ‘हरभरा’ लिहिलं. दोघांचे पैसे अजून यायचेत. येतील म्हणा.

आता तुम्हाला खुळेपणा वाटेल ते सांगतो. थ्री फेज मोटार जळण्याचं एक मोठं कारण म्हणजे तीनातला एक फेज जातो, उरलेल्या दोन फेजवर जादा करंट खेचून मोटार तापत राहते. रात्रीची लाईट, गडी घरी झोपलेला, स्टार्टरच्या पेटीला लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो लावलेला, कळणार कुणाला? त्यात लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात, व्होल्टेज पडतं. यावर सिंगल फेज प्रिव्हेंटर मिळतो, फेज गेला की मोटार बंद करतो. तो मी प्रत्येकाच्या पेटीत बसवायला लागलो. शेजारचा दुकानदार म्हणाला, “मिस्त्री, स्वतःच्याच पोटावर पाय द्यायलास का?” खरंच, जुनी गिऱ्हाइकं कमी यायला लागली. पण त्यांनी पाहुण्यारावळ्यांना सांगितलं की याच्याकडं भरलेली मोटार लवकर परत जळत नाही. चार कोस लांबची गावं जोडली गेली.

भाड्याचं मी फार बोलणार नाही, फक्त २०१६चा उन्हाळा आठवा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. लोकांना वाटतं दुष्काळात मोटारवाल्याची चांदी. सुरुवातीला कोरड्या चालून मोटारी जळतात, हे खरं. पण बोअरच आटल्यावर मोटार चालवतंय कोण? दोन महिने दुकानात मी आणि पंखा. भाडं कमी होतं म्हणून टिकलो. चौकात मोठी दुकानं घेतलेल्या दोघांनी त्याच वर्षी कुलूप लावलं.

मोठं काम एकदाच घेतलं, एका कारखान्याचं. माझाच नियम मोडून तांबंसुद्धा उधार दिलं. बिल आठ महिन्यांनी निघालं, तेही कापून. त्या आठ महिन्यांत शेतकऱ्यांची कामं परत पाठवावी लागली, कारण तार आणायला रोख नव्हती. ती लाज अजून आठवते.

कुणाला काम शिकायचं असेल तर या, फी नाही. फक्त हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत येऊ नका, तेव्हा मला मान वर करायला सवड नसते. मृग चांगला बरसला की या. मोटारी बंद असतात, चहा माझ्याकडून.