न उमटलेला पट्टा

श्रोतेहो, नमस्कार. अन्न पचवणारी, रक्त गोठवणारी आणि जंतूंचा फडशा पाडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, आपल्या परिचयाची आहेत. त्यांना वेळीच आवर घालणारे निरोधकही शरीर स्वतःच तयार करते, याची मात्र फारशी वाच्यता होत नाही. असा निरोधक ओळखणे अवघड असते, कारण तो आपले काम चोख बजावतो तोवर वावगे काहीच घडत नाही.

१९६०च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमधील माल्मो येथे कार्ल-बर्टिल लॉरेल रुग्णांच्या रक्तद्रवातील प्रथिने विजेच्या साहाय्याने कागदावर वेगळी करून तपासत असत. कागद रंगवला की प्रत्येक प्रथिनगटाचा पट्टा ठरलेल्या जागी उमटतो. सुमारे १५०० नमुन्यांपैकी ५ नमुन्यांत अल्फा-१ गटाचा पट्टा जवळजवळ उमटलाच नव्हता. कागद नीट रंगला नसेल असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे होते. लॉरेल यांनी मात्र स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरच्या साथीने त्या पाच जणांचा माग काढला. त्यांतील तिघांना फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती झिजवणारा एम्फिसीमा जडलेला होता. १९६३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

गैरहजर प्रथिनाचे नाव अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. ट्रिप्सिन या पाचक विकरात रक्तद्रव मिसळायचा आणि त्याची प्रथिने तोडण्याची शक्ती किती उरते ते मोजायचे, ही या निरोधकाची जुनी परीक्षा. त्याचे खरे काम मात्र फुप्फुसात आहे. तेथे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इलॅस्टेज नावाचे विकर सोडतात, आणि त्याला अटकाव झाला नाही तर ते फुप्फुसाचे लवचीक धागेच तोडू लागते. यकृतात तयार होऊन रक्तावाटे येणारा हा निरोधक उंदराच्या सापळ्यासारखा वागतो: इलॅस्टेजने आमिषाला तोंड लावले की सापळा मिटतो आणि दोघेही कायमचे निकामी होतात. त्या आमिषात ३५८व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते. सिगारेटच्या धुराने त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि सापळा मंदावतो, म्हणून ज्यांच्यात हा निरोधक जन्मतःच कमी आहे त्यांनी धूम्रपान करणे विशेष घातक ठरते.

याच जागेविषयीचा एक दुर्मीळ पुरावा अमेरिकेतील पिट्सबर्गच्या एका मुलात मिळाला. त्याच्या निरोधकात मेथिओनिनऐवजी आर्जिनिन होते. एवढ्या एका फरकामुळे तो निरोधक इलॅस्टेजला सोडून रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनलाच अडवू लागला, आणि त्या मुलाला वारंवार रक्तस्राव होऊन त्यातच त्याचा अंत झाला.