चंद्राआड गेलेला झोत

[दृश्य : खोडद, पहाट. द्राक्षबागेमागे उभी तबकडी]

नारायणगावहून खोडदकडे येताना आधी द्राक्षबागा लागतात, मग टोमॅटोचे मांडव, आणि त्यांच्यावर डोकं काढून उभ्या या जीएमआरटी नावाच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या. एकेक ४५ मीटर रुंद. अशा ३०.

[दृश्य : जाळी, अगदी जवळून]

आरसा असावा तिथे नुसती जाळी. तार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची. पीठ चाळणीतून पडावं तसा प्रकाश हिच्यातून आरपार जातो. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरीला मात्र ही भोकं जाणवतही नाहीत, ती आदळून माघारी फिरते. डोळ्याला जे दिसतं त्यावर आभाळ संपत नाही, हे इथे हाताने चाचपून पाहता येतं.

[दृश्य : रात्र. कन्या रास. दुर्बिणीतला मंद ठिपका]

हा ठिपका पाहा. आठ इंची दुर्बिणीतून, अंधाऱ्या माळावर, जेमतेम दिसतो. ताऱ्यासारखा, पण तारा नव्हे. नाव थ्री सी २७३ : केंब्रिजच्या रेडिओ स्रोतांच्या तिसऱ्या यादीतला २७३वा.

[दृश्य : पार्क्स दुर्बिणीची जुनी छायाचित्रं]

१९६२. हा स्रोत आकाशात नेमका कुठे आहे, हे रेडिओ दुर्बिणींना तेव्हा सांगता येत नव्हतं. मदतीला आला चंद्र. त्या वर्षी तो या स्रोतावरून जाणार होता. चंद्राची कड कुठल्या क्षणी कुठे असते याचं गणित पक्कं, म्हणजे स्रोत झाकला गेला तो क्षण टिपला की जागा सापडली. ५ ऑगस्टला ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीवर सिरिल हॅझर्ड यांचं पथक टपून होतं. स्रोत क्षितिजाकडे उतरलेला, दुर्बीण नेहमीच्या मर्यादेखाली झुकवावी लागली. आणि स्रोत एका झटक्यात विझला नाही, दोन टप्प्यांत विझला. तिथे एक नव्हे, दोन स्रोत होते. मधलं अंतर सुमारे २० विकला. अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे विकला.

कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीवर मार्टेन श्मिट यांनी ती जागा तपासली. एक स्रोत त्या 'ताऱ्यावर' बसत होता. दुसरा, त्याच्यापासून निघालेल्या फिकट, सरळ रेघेच्या टोकावर. फेब्रुवारी १९६३ मध्ये वर्णपटाचं, म्हणजे रंगांत फोडलेल्या त्याच्या प्रकाशाचं, कोडं सुटलं : रेषा हायड्रोजनच्याच, पण तांबड्याकडे जवळजवळ १६ टक्के सरकलेल्या. रेषा जितक्या जास्त सरकलेल्या, तितकी वस्तू दूर. अंतर सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षं. मग ती इवलीशी रेघ? दूरच्या दीर्घिकेच्या धगधगत्या केंद्रातून सुटलेला, सुमारे २ लाख प्रकाशवर्षं लांबीचा कणांचा झोत.

[दृश्य : उटी. डोंगरउतारावरची लांबच लांब दुर्बीण]

चंद्राची हीच युक्ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी मनावर घेतली. उटीचा असा उतार हेरला की दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसावी आणि तासन्‌तास चंद्राच्या मागे फिरावी. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. १९७० मध्ये ती उभी राहिली. खोडदच्या तबकड्याही त्यांच्याच ध्यासातून आल्या.

[दृश्य : पडद्यावर दोन प्रतिमा एकमेकींवर सरकतात. लाल रेडिओ, निळी हबल]

आता हे सावकाश पाहा. रेडिओत झोत केंद्रापासून टोकापर्यंत सलग, आणि टोकाकडे उजळत गेलेला. हबलच्या प्रकाशात मात्र सुरुवातीचा निम्म्याहून जास्त भाग जवळजवळ रिकामा. पहिली ठळक गाठ दिसते ती केंद्रापासून १२-१३ विकलांवर, पुढे ओवल्यासारख्या एकेक.

दोन्हींचं मूळ एकच : चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे, प्रकाशाच्या वेगाला भिडलेले इलेक्ट्रॉन. रेडिओ लहरी देणारे काटकसरी, फार काळ पुरतात. दृश्य प्रकाश देणाऱ्यांची ऊर्जा शेकडो पट, आणि ते ती तितक्याच वेगाने उधळतात. हजारेक वर्षांत रिते. वाट तर दोन लाख वर्षांची. म्हणजे हा निळा प्रकाश देणारा इलेक्ट्रॉन केंद्रातून तसाच निघून इथवर आलेला नाही. त्याला वाटेत पुन्हा ऊर्जा मिळाली आहे. तीही फक्त गाठींत नव्हे. दोन गाठींच्या मधल्या जागेतही प्रकाशाचा रंग एकदम ढळत नाही, म्हणजे ही भट्टी झोताच्या लांबीभर पेटलेली आहे. नुसती हबलची प्रतिमा पाहून हे कळलं नसतं. लाल आणि निळं एकमेकांवर ठेवावंच लागतं.

'चंद्रा' नावाच्या अवकाश दुर्बिणीच्या क्ष-किरणांत क्रम उलटा, आतली गाठ सर्वांत तेजस्वी. झोतातले इलेक्ट्रॉन विश्वभर पसरलेल्या मंद प्रारणाला टोले देऊन त्याचे क्ष-किरण बनवतात, हे त्याचं एक लाडकं स्पष्टीकरण 'फर्मी' या अवकाश दुर्बिणीच्या गॅमा किरणांच्या मोजणीने २०१४ मध्ये मोडीत निघालं. असे झोत भोवतालचा वायू तापवतात, आणि दीर्घिकेत नवे तारे जन्मणं मंदावू शकतं.

[दृश्य : खोडद, संध्याकाळ. तबकड्या एकत्र वळतात]

२०२४ मध्ये २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं लांबीची झोतांची जोडी जाहीर झाली. ती टिपली युरोपातल्या लोफार दुर्बिणीने. पण ती निघते कुठल्या दीर्घिकेतून, हे शोधायला लागल्या याच तबकड्या. याच जाळ्या.