आधी बल्ब उजेडात धरा

मंडळी, आज मला बोलायचं आहे छातीत साठलेल्या पाण्यातल्या एडीएवर, म्हणजे ॲडेनोसिन डिअमिनेज या एन्झाइमवर; एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया झटपट घडवणारं प्रथिन. पण त्याआधी एका बल्बची, म्हणजे रक्ताचा नमुना ठेवायच्या नळीची, गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

तालुक्याच्या गावी मी नवीन होतो. एका मावशींच्या रक्तातली, लिव्हर बिघडलं की वाढणारी एन्झाइम तपासली: एलडीएच भरमसाट, एसजीओटीही वर, एसजीपीटी मात्र जेमतेम. मुलगा दारातच उभा. "साहेब, आईचं लिव्हर गेलं का?" मी रॅकमधला बल्ब काढून खिडकीशी धरला. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, कसं हवं? वाळल्या गवतासारखं फिकट पिवळं. हे होतं कोकम सरबत! चौकशी केली. शीर सापडेना म्हणून बारीक सुई लावून दट्ट्या जोरात ओढला होता, आणि सुई न काढताच रक्त बल्बात दाबून सोडलं होतं. लाल पेशी फुटल्या. त्यांच्या पोटात एलडीएच सीरमच्या सुमारे दीडशेपट असतं, एसजीओटीही पुष्कळ. ते सगळं सीरममध्ये सांडलं. मशीनने समोर आलं ते इमानेइतबारे मोजलं. दुसऱ्या दिवशी सावकाश रक्त घेतलं, सगळं नॉर्मल. पण मधली रात्र त्या घरात कुणी झोपलं नव्हतं. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

एन्झाइम आपण तोलत नाही, त्याच्या कामाचा वेग मोजतो. एसजीपीटीत 340 नॅनोमीटरच्या प्रकाशात एनएडीएच हे रसायन किती झपाट्याने कमी होतं ते बघतो, 37 अंशांवर. मिनिटाला एक मायक्रोमोल बदल म्हणजे एक युनिट. क्युव्हेट, म्हणजे मशीनमधली मोजायची छोटी नळी, गार, तर आकडाही गार! आणि फॉर्मवर वय लिहा हो. वाढत्या वयाच्या पोराचं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट दिसतं, कारण त्याची हाडं वाढत असतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. तर एडीए.

टीबीमुळे छातीत साठलेल्या पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी गोळा होतात, त्यांच्यातलं एडीए पाण्यात उतरतं. लिटरला 40 युनिटच्या वर आकडा आणि पेशींत लिम्फोसाइट जास्त, तर टीबीचा संशय बळावतो. पण पू झाला असेल तरी एडीए चढतं, तिथे न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी दिसतात. लिम्फोमातही, म्हणजे लिम्फ ग्रंथींच्या कॅन्सरमध्येही, चढतं. म्हणून नुसता आकडा पाठवू नका, सेल काउंट, म्हणजे कुठल्या पेशी किती ते, जोडा.

एडीए मोजायच्या जिउस्टी पद्धतीत आपण मोजतो तो एडीएमुळे ॲडेनोसिन या रसायनापासून सुटलेला अमोनिया, निळ्या रंगावरून. पाणी तासन् तास बाहेर राहिलं आणि जंतू वाढले, तर अमोनिया आधीच तयार असतो. सॅम्पल ब्लँक, म्हणजे पाण्यात आधीच असलेला अमोनिया वेगळा मोजून वजा करणं, चुकवू नका. एडीए लाल पेशींतही असतं, म्हणजे रक्ताळलेलं पाणी आलं की पुन्हा तोच कोकमाचा बल्ब. तेव्हा रिपोर्टवर पाण्याचा रंग लिहा: पिवळसर, लालसर, दुधाळ. एक शब्द पुरतो.